कनवटीचं काडतूस

१८ जानेवारी, शनिवार

एक काडतूस. एकच. त्यापायी विमानतळाच्या पोलीस चौकीत दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून ठेवलं मला. नातीची पेटी भरून काडतुसं राजरोस विमानात चढली, आणि आजीचं एक नाय चाललं! वर चहा दिला तो नुसता साखरेचा पाक.

आता घरी आलेय. पाय सुजून लोडासारखे झालेत. नातीला, सुरभीला, नेमबाजीच्या सरांनी लावून दिलंय, रोज वहीत लिहायचं. डोक्यातलं कागदावर उतरलं की रायफल धरताना हात हलत नाय म्हणे. तिची अर्धी कोरी वही मी घेतली. माझा हात तसाही हलत नाय. पण आज डोकं उतरवलं नाय तर कुणाच्या तरी टाळक्यात पाटा घालीन.

काल संध्याकाळपासूनच बिनसलं. सुरभी भोपाळला निघायची होती, निवड चाचणीला. तिथं नेम बसला तर देशाच्या संघात. सरांनी एकच ताकीद दिलेली — अंगावर कसलीही पोलीस केस येऊ द्यायची नाय. केस आली की परवाना जातो, परवाना गेला की रायफल जाते, आणि रायफल गेली की पोरगी परत माझ्या शेजारी वालाच्या शेंगा सोलायला. तिचा बाप, माझा थोरला, कंपनीत भाजून गेला तेव्हा ही शेंगाच सोलत होती. आई समीक्षा रोह्याला कंपनीत शिफ्ट करते, तिला रजा नाय. म्हणून सोबतीला मी. जन्मात विमान बघितलं ते खालून.

आणि आमचा जितेश. माझा धाकटा. सुरभी गोळ्या डब्यात रचत होती तिथं येऊन बसला. "सुरे, दे त्यातल्या मूठभर. पेणच्या दोस्ताकडं ह्यांची बंदूक हाय, आवाज नाय होत तिचा." ह्याला डुकरं मारायची होती. डुकरं वालात येतात हे खरं, परवाच खालचा दांड नांगर घातल्यासारखा उलथून टाकला. पण ह्याला वाल नाय वाचवायचे, ह्याला मटण पोचवायचंय हायवेच्या ढाब्यांना. बापाच्या मागं शेत राखायची एकनळी बंदूक ह्याच्या नावावर झाली, तेव्हापासून शेतात कमी नि रानात जास्त.

सुरभी म्हणाली, "काका, माझी एकेक गोळी लिहिलेली असते."

त्यानं तिची वेणी हाताला गुंडाळली आणि डोकं भिंतीवर आपटलं. वर म्हणतो, "आता हे पण लिही."

मी भाकऱ्या करत होते. तव्याखालचं तापलेलं उलथणं उचललं, त्याच्या मनगटावर ठेवलं आणि दाबून धरलं. कातडी चरचरली. वेणी सुटली. घरभर वास.

"आये, पोटचा हाय मी तुझा!"

म्हटलं, म्हणून मनगटावर ठेवलं. परका असतास तर तोंडावर ठेवलं असतं.

आता काडतुसाचं. आमच्यात बंदूक घराबाहेर निघाली की थोरल्या बाईनं देव्हाऱ्यातलं एक काडतूस घ्यायचं, मीठ-मिरचीसंगती माणसावरून उतरायचं. मीठ-मिरची चुलीत. काडतूस आपल्या कनवटीला. माणूस बंदुकीसकट घरी येईस्तोवर सोडायचं नाय. सासूनं केलं, मी केलं. नवरा जन्मभर बंदूक घेऊन रानात गेला, अंगावर ओरखडा घेऊन आला नाय. सुरभीची रायफल नाजूक असली तरी बंदूकच ना? पहाटे उतरवलं तिच्यावरून आणि खोचलं कमरेला. ही रीत विमानवाल्यांना ठाऊक नाय आणि विमानवाल्यांची रीत मला.

पेटी उचलायला केरू आला. केरू आदिवासी वाडीवरचा. आमच्या शेतात त्याचा बाप राबला, आता तो. डबा बडवून डुकरं हाकलतो. पेटी खांद्यावर घेऊन हायवेपर्यंत आला, सगळी आळी बघत होती. मला म्हणाला, "काकी, खिडकीत बसशील तर काच उघडू नको. पदर उडंल."

"मेल्या, तू कधी बसलास विमानात?"

"नाय. पण एसटीत उडतो ना."

विमानतळावर सुरभीनं सगळं रीतसर केलं. काउंटरवर जाऊन आधीच सांगितलं, माझ्याजवळ रायफल आहे. मला वाटलं आता पळापळ होणार. कोण दचकलं नाय. एक पोलीस आला, बाजूच्या खोलीत पेटी उघडायला लावली. रायफलीचा बोल्ट काढून वेगळा ठेवलेला, नळीत पिवळी दोरी घातलेली, म्हणजे आत गोळी नाय हे लांबून दिसावं. त्यानं परवान्यावरचा नंबर रायफलीच्या नंबराशी लावून बघितला. गोळ्यांचा डबा वेगळा, त्याचं वजन केलं. पेणच्या एका गणपतीवाल्यानं पेटीत फोम कापून बसवून दिलाय, त्याच्या मूर्ती परदेशी जातात तरी करंगळी तुटत नाय. पोलीस त्या फोमवर हात फिरवून म्हणाला, "काम झकास आहे." पेटीला चिठ्ठी बांधली, पेटी वेगळ्या वाटेनं गेली. पेटीत ती एकच रायफल. मी डोक्यावर उभी राहून बघितली.

मग बायकांच्या पडद्याआड गेले. तिथल्या पोरीनं हातातलं यंत्र माझ्या कमरेपाशी नेलं आणि ते बोंबललं.

"आजी, काय आहे?"

मी कनवट सोडून तिच्या तळहातावर काडतूस ठेवलं. म्हटलं, जपून धर, देवाचं आहे. मी विंचू ठेवल्यागत ती मागं सरली.

मग गणवेशवाले गोळा झाले. कुणाचं? कुठल्या बंदुकीचं? परवाना कुठाय? एकानं सुरभीकडं बोट केलं, हिच्याकडं रायफल आहे, हिचंच असणार. पोरीचं तोंड चुन्यासारखं. मी त्याचं बोट धरून खाली केलं.

म्हटलं, "डोळे आहेत का तुला? तिच्या गोळ्या करंगळीच्या पेराएवढ्या. हे अंगठ्याएवढं आहे. हे माझ्या घरच्या एकनळीचं, माझ्या कमरेचं. काय विचारायचं ते मला विचार. उत्तर मी देते. तिला विमान धरू दे."

सुरभी हलेना. "आजी, तुला सोडून कशी—"

"गेली नायस तर इथंच सगळ्यांदेखत थोबाडीन."

गेली. मागं बघत बघत गेली. मला विमान दिसलं ते काचेतून. ढेरपोटं, पांढरं.

चौकीत बाई बरी होती. एकनळीचा परवाना पोराच्या नावावर आहे म्हटल्यावर तिनं जितेशला फोन लावला. वाजला, वाजला, उचलला नाय. परत लावला. नाय. संध्याकाळी समीक्षा शिफ्ट सोडून धावत आली. जबाब लिहिला, सही घेतली, बोलावलं की यायचं म्हणाले. काडतूस ठेवून घेतलं.

पोर घरी यायच्या आत माझी कनवट रिकामी झाली. हे मला बरं वाटत नाय.


१९ जानेवारी

जितेश उजाडता घरी आला. प्यांट रक्तानं कडक झालेली. ओटीवर टोपभर मटण आणून आदळलं.

"डुक्कर पाडलं आये. मोठं हाय."

"काल फोन का नाय उचललास? पोलीस लावत होते."

"रानात रेंज नसते." मग मटणाकडं बघत म्हणाला, "केरूला डुकरानं फाडला. रोह्याला टाकलाय दवाखान्यात."

टाकलाय म्हणाला. गोणी टाकतात तसं.

केरू डुकरं उठवायला हाका घालत, डबा बडवत खालून येत होता, डुक्कर उलटं फिरलं, पोटात घुसलं, असं सांगतो. मी खुंटीकडं बघितलं. खुंटी रिकामी.

"बंदूक कुठाय?"

"साफ करायला दिली."

"आयतवारी पहाटे? कुणाला?"

उठला. आंघोळीला गेला. मनगटावरच्या फोडाला पाणी लागलं तसा न्हाणीत ओरडला. मी मटण उचललं नि उकिरड्यावर ओतलं. कुत्री एकमेकांना फाडत होती तिथं.

शनिवारी ह्या घरातून दोन बंदुका बाहेर गेल्या. मी एकीपुरतंच काडतूस उतरवलं.


२० जानेवारी

डॉक्टरनं केरूच्या पोटाचा फोटो काढला. आत छर्रे निघाले. डुकराच्या तोंडात दात असतात, छर्रे नसतात.


२१ जानेवारी

फौजदार येऊन गेला. तरणा आहे, बूट बाहेर काढून बसला.

त्यानं जितेशला विचारलं, तुमची एकनळी दाखवा. जितेशनं पापणी हलवली नाय. म्हणाला, "बंदूक घरात नाय साहेब. शनिवारी माझी पुतणी विमानानं भोपाळला घेऊन गेली. पेटीतनं. गावानं बघितलं. मी नको म्हणत होतो."

मी वाल सोलत होते. शेंग हातात तशीच राहिली.

फौजदार म्हणाला, "तिची स्वतःची रायफल आहे ना?"

"दोन्ही नेल्या. सराव करायचा म्हणाली. पटत नसेल तर विमानतळावर विचारा. आमच्या आयेच्या कमरेला एकनळीचं काडतूस सापडलं. केस झालीय. बंदूक नाय नेली तर काडतूस कशाला नेलं?"

फौजदार माझ्याकडं वळला. "आजी, बारा बोअरचं काडतूस तुमच्याकडं सापडलं, हे खरं?"

"खरं."

"मग ती बंदूकही त्या पेटीत होती?"

माझी जीभ आजवर कधी अडली नाय. सासूसमोर नाय, सरपंचासमोर नाय, त्या विमानतळावर नाय. आज अडली. जितेश फौजदाराच्या मागं उभा होता. त्याच्या हनुवटीला खड्डा आहे, बापासारखा. मी त्या खड्ड्याकडं बघत राहिले.

फौजदारानं वाट बघितली. मग म्हणाला, "असू दे. विमानतळावरून पेटीचा कागद मागवतो, पण तो यायला महिना जाईल. शनिवारी येतो, तुमचा जबाब लिहून घेतो. तुम्ही हो म्हणालात तर पोरीला भोपाळहून बोलवावं लागेल. परवाना जमा करावा लागेल तिचा." बूट घालून गेला.

जितेश माझ्यासमोर उकिडवा बसला. किती गोड बोलला! लहानपणी ताप आला की बोलायचा तसा.

"आये, तू फक्त व्हय म्हण. बाकी मी बघतो."

"आणि पोर?"

"तिला काय होतंय? पोरगी हाय, खेळाडू हाय, सोडतील. जाईल तर परवाना जाईल. मी आत गेलो तर तुझ्या तोंडात पाणी कोण घालंल?"

"विहीर आहे."

"आये, मजा नाय करत. केरू मेला तर मला जन्मठेप हाय."

"मग मारलास कशाला?"

"मुद्दाम मारला का? झुडूप हललं, बार काढला. डुकरालाच काढला. त्यातलं ह्याला लागलं."

म्हणजे कबूल झाला. मला. देव्हाऱ्यासमोर बसून. आणि माझं एक काडतूस पकडून त्यानं त्याची आख्खी गोष्ट उभी केलीय. मी चौकीत दिवसभर बसले ती पोरीवर काय येऊ नये म्हणून. त्याच काडतुसानं हा पोरीला बांधतोय. गावाला काय, लांब पेटी गेली एवढंच दिसलं. रायफल काय नि एकनळी काय, गावाला दोन्ही सारख्याच.

पोरीची पहिली फेरी परवा. शेवटची शनिवारी.


२२ जानेवारी

रोह्याला गेले. जितेशला सांगितलं डोळे दाखवायला जाते.

केरू दवाखान्यात कोपऱ्यातल्या खाटेवर. पोट गुंडाळलेलं, नाकात नळी. मला बघून कमळी उठली, त्याची बायको. माझा पदर धरून मला खाली ओढलं नि छातीवर गुद्दे घातले. एक, दोन, मग मोजले नाय. हाताला दम होता तिच्या. वाळू भरते ती. मी मारू दिलं. नर्स धावत आली तर मी म्हटलं, तू तुझं काम कर.

दमल्यावर माझ्याच खांद्याला टेकून बसली. "डुकरानं मारला म्हणत व्हते गो. मी सदरा बघितला ना त्याचा. चाळणी झालीय. डुक्कर काय चाळणी करतंय?"

केरूनं डोळे उघडले. "काकी. आली?"

"आले."

"इमानाची काच उघडली का?"

"बसलेच नाय रे. खालनंच परत."

"अरारा." हसायला गेला नि पोट धरलं. मग त्यानं सांगितलं. अडकत अडकत, पण सांगितलं. मी तसंच लिहिते.

बार झाला. डुक्कर नाल्यात पडलं, हा त्याच्या बाजूला. जितेश नि त्याचे पेणचे दोन दोस्त खाली उतरले. केरूनं हात वर केला. जितेशनं बघितलं. डोळ्याला डोळा लागला. मग दोस्ताला म्हणाला, आधी हे उचला, जड हाय. त्यांनी डुकराचे पाय बांधले, बांबूला अडकवलं, वर नेलं. जीप भरली. ढाब्यावर पोचतं केलं. उरलेलं मटण घरी आणायला बाजूला ठेवलं. ह्याला न्यायला आले तेव्हा सांज झालेली. तोवर हा नाल्यात पोटात मूठ दाबून.

"बार चुकून लागला काकी," केरू म्हणाला. "ते मी कुणाला पण सांगीन. चुकून लागला. पण डुक्कर आधी नेलं."

कमळी म्हणाली, "फौजदार इथं पण आला व्हता. ह्याला तवा शुद्ध नव्हती. आता मी सांगितलं तर आमचं कोण मानतंय? म्हणतील वाडीवरचे, चोरून शिकार करायला गेले."

येताना एसटीत बसायला जागा मिळाली. माझ्या छातीवर निळं झालंय. दुखतंय ते बरं वाटतंय.

चुकून लागला असता तर मी व्हय म्हटलं असतं की काय? ते आता कळायचं नाय. डुक्कर आधी नेलं.


२३ जानेवारी

म्हशीला पेंढा काढत होते. पेंढ्याच्या उडवीच्या मागच्या अंगाला हात घातला तर लोखंड लागलं. ओढलं. एकनळी. जळक्या दारूचा वास. सांध्यात मोडून उघडली तर नळीत उडालेल्या काडतुसाचं रिकामं टोपण तसंच. पितळ फुगून बसलं असणार, निघालं नाय ह्याला. बापानं शिकवलेलं, टोपण अडकलं तर नळीच्या तोंडाकडून काठीनं ठोकायचं. तेवढंही नाय केलं.

"ठेव तिथंच."

मागं उभा. कधी आला कळलं नाय.

मी बंदूक दस्त्याकडून फिरवली नि त्याच्या गुडघ्यावर घातली. खाली बसला. परत उगारली तर त्यानं धरली, मला गव्हाणीवर ढकललं. मी दंडाला चावले. सोडलं नाय. तोंडात रक्त आलं, थुंकले. म्हैस दावं तोडायला लागली. त्यानं माझं डावं मनगट गव्हाणीच्या कडेवर आडवं धरलं आणि वरून सगळा भार टाकला. सुकी काटकी मोडते तसं वाजलं. 

उजव्याला हात लावला नाय. जबाबावर सही लागणार ना!

"तू माझं भाजलंस," म्हणाला. धापा टाकत होता. "म्हण. व्हय म्हणशील."

"व्हय म्हणीन."

मग रडायला लागला. बांबूच्या कामट्या आणल्या, माझ्या हाताला लावल्या, धोतराच्या फडक्यानं बांधलं. नाक माझ्या पदराला पुसलं. लहानपणी पण असाच — आधी मारायचा, मग आपणच रडायचा. तेव्हा मी जवळ घ्यायचे. चूक केली.

बंदूक त्यानं परत उडवीत खुपसली, माझ्यादेखत. माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. जन्मात पहिल्यांदा.

समीक्षा शिफ्टवरून आली, हात बघितला. "आई, हे काय?" म्हटलं म्हशीनं मारलं. ती जितेशच्या दंडाकडं बघत राहिली. दंडावर दात उमटलेत. म्हशीला वरच्या बाजूला दात नसतात, तिला ठाऊक आहे.

सुरभीची पहिली फेरी चांगली गेली, समीक्षा म्हणाली. पहिल्या आठात आहे.


२४ जानेवारी

पोरीचा फोन. उद्या दुपारी शेवटची फेरी.

"आजी, काडतूस तर घेतलं त्यांनी. आता कनवटीला काय?"

"आहे काहीतरी. तू नेम धर."

"काका काय म्हणतो?"

"गप आहे. तू पण गप बस नि झोप."


२५ जानेवारी, शनिवार

केरू पहाटे गेला.

फौजदार आला. जितेशनं त्याला खुर्ची दिली, मला पाट दिला, मागं उभा राहिला. मी व्हय म्हटलं नाय. फौजदाराला उठवलं, गोठ्यात नेलं, उजवा हात उडवीत घातला आणि एकनळी ओढून त्याच्या बुटांवर टाकली. टोपण अजून आत आहे. "आये," जितेश म्हणाला. एवढंच.

समीक्षाला सांगितलंय. पोरीची फेरी संपेपर्यंत तिला कळवायचं नाय, तिचा फोन आला तर उचलायचा नाय. पोलीस विचारोत, गाव विचारो, कमळी दारात येऊन विचारो, पोरीकडं कुणी जायचं नाय. माझ्याकडं पण यायचं नाय, मी माझं दिलं, केरूनं सांगितलं ते पण, सहीसकट. जितेशला विचारा. उत्तर त्यानं द्यायचं.